पाड्यावरच्या बंद घरांची सोलर वीज वाया जाते. शेजाऱ्याला कशी देता येईल?

पाड्यावरचा

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज कामाचा प्रश्न घेऊन आलोय.

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मूळ घर पेठ तालुक्यात, गावापासूनही आत, जंगलाला लागून असलेल्या पाड्यावर. पंचविसेक उंबरे. आई-बा तिथंच असतात. लाईनचे खांब खालच्या गावापर्यंत आलेत, पुढं वनखात्याची जमीन, म्हणून वर लाईट नाही. सौभाग्य योजनेत (२०१७ ची) घरोघरी सोलर बसलं. ३०० वॅटच्या प्लेटा (आमच्याकडे १५०-१५० च्या दोन), बॅटरी, पाच दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग. दुरुस्तीची पाच वर्षांची मुदत कधीच संपली. ठेकेदाराचा फोन लागत नाही, ते सोडा.

आता हिशोब. नाशिकच्या उन्हात एका किलोवॅटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण चार युनिट निघतात. म्हणजे एका घराला सव्वा युनिट, बॅटरीतून आत-बाहेर होताना घट धरून एक. खर्च किती? पाच दिवे संध्याकाळचे पाच तास आणि रात्री पंखा, मिळून साडेतीनशे वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). बाकीचं कुठं जातं? कुठंच नाही. दुपारी बारा-एकला बॅटरी भरते, कंट्रोलरवर (चार्जिंग सांभाळणारा डबा) हिरवा दिवा लागतो आणि तो प्लेटचं कनेक्शन तोडतो. त्यानंतरचं सगळं ऊन फुकट.

त्यात दिवाळी झाली की निम्मा पाडा द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातो. घरांना कुलुपं, वर प्लेटा तळपतात, आत काडीचा वापर नाही. शेजारच्या म्हातारीची बॅटरी मात्र बसलेली, रात्री चिमणी लावते. भिंतीला भिंत आहे. एक वायर टाकली की झालं असं मला वाटतं, पण मी एसीवाला (लाईनच्या विजेचा) माणूस, डीसीत (सोलर-बॅटरीच्या विजेत) हात घातलेला नाही. कोणी असं काही केलंय का? मीटर कसं लावायचं, पैसे कसे घ्यायचे, कायद्याने चालतं का?

---

सौरवेडा

जबरदस्त विषय! हे बांगलादेशात झालेलं आहे. तिथं २००३ पासून सरकारी वित्तसंस्थेच्या मदतीने घरोघरी सोलर बसलं, ४० लाखांच्या वर घरं. मग सोलशेअर नावाच्या कंपनीने असा डबा काढला की ज्याच्याकडे जास्त आहे तो विकतो, ज्याला पाहिजे तो घेतो. शरियतपूर जिल्ह्यात पहिलं जाळं २०१५ मध्ये सुरू झालं. ज्यांच्याकडे स्वतःची प्लेटसुद्धा नाही असे लोकही नुसते गिऱ्हाईक म्हणून जोडता येतात, पैसे मोबाईलवरून. तुमच्या पाड्याला तंतोतंत लागू आहे. ब्लॉकचेन (सगळ्यांकडे एकच प्रत असलेली डिजिटल वही) घातली तर हिशोबाची कटकटच संपली.

---

खवचट खान्देशी

पाड्यावर मोबाईलला रेंज यायला झाडावर चढावं लागतं आणि हे ब्लॉकचेन घालतायत. घाला.

---

तारतंत्री

मी तारतंत्री (लाईनमन) म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालो. सुरगाणा-पेठ भागातले खांब पायी फिरून पाहिलेत. पाड्यावरचा, तुला एकेरीत बोलतो, राग मानू नको.

"एक वायर टाकली की झालं" तिथंच थांब. तुझं सगळं १२ व्होल्टवर आहे. समज १०० मीटरवरच्या घराला ६० वॅट द्यायचेत. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. अडीच एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन २०० मीटर, रोध (तारेचा अडथळा) दीड ओहम. पाच गुणिले दीड, साडेसात व्होल्ट तारेतच गेले. शेजारणीच्या घरी पोचले साडेचार. दिवा लागणार नाही, वायर मात्र उबदार होईल. तेच ४८ व्होल्टवर नेलंस तर करंट सव्वा अँपिअर, घट दोन व्होल्टच्या आत, चार टक्के. म्हणजे प्रत्येक घरी व्होल्टेज चढवणारा-उतरवणारा डबा आला. बांगलादेशवाल्यांनी विकलं ते हेच, वायर नव्हे.

भिंतीला भिंत असेल तर पाच-सात मीटरला १२ व्होल्टसुद्धा चालतं. पण दोन बॅटऱ्या थेट एकमेकींना जोडायच्या नाहीत. एक भरलेली, एक बसलेली, जोडल्याबरोबर भरलेली दुसरीत ओतली जाते. फ्यूज नसेल तर वायर पेटते. घरं कुडाची आहेत ना तुमची?

आणि एसीचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) डीसीला वापरायचा नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप मरते. डीसीची मरत नाही. डीसीचाच घ्यायचा.

---

पाड्यावरचा

काका, राग कसला. कुडाचीच आहेत बरीचशी. म्हातारीचं घर भिंतीला लागून आहे, बाकीची विखुरलेली, काही तर ओहोळाच्या पलीकडं.

---

गोदाकाठची

मी हरसूल भागात बचत गटांचं काम केलंय, त्यामुळे तारेचं नाही, पैशांचं सांगते.

भाऊ, "वीज वाया जाते" हे दुपारच्या विजेबद्दल खरं आहे. रात्रीच्या नाही. बॅटरीतली वीज फुकट नसते. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास, ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही असं सगळे सांगतात, म्हणजे एका खेपेला ६०० वॅट-तास. अशा हजार खेपा ती टिकली असं धरू, आणि किंमत बारा हजार धरू. आयुष्यभरात ६०० युनिट, म्हणजे युनिटला वीस रुपये, नुसते बॅटरी झिजण्याचे! तुझ्या शेजाऱ्याने रात्री म्हातारीला दिवा दिला तर माणुसकी म्हणून ठीक, पण दोन वर्षांनी त्याची बॅटरी गेली की "तुमच्यापायी गेली" हे ऐकायची तयारी ठेव. गटात मी अशी भांडणं एका शिलाई मशीनवरून पाहिलीत.

दुपारी हिरवा दिवा लागल्यावरची वीज मात्र खरोखर कोणाचीच नसते. वाटायची तर ती वाटा.

---

मुपो निफाड

मी द्राक्षवाला. पाड्यावरचा म्हणतो ती टोळी आमच्याकडेही येते, ऑक्टोबर छाटणीपासून डिपिंग, विरळणी, ते माल निघेपर्यंत. शेडमध्ये राहतात, तिथं मी लाईट-पाणी देतो. (देत नाहीत असेही आहेत, मला माहीत आहे, इथे त्यावरून धुळवड नको.)

दुपारच्या विजेचं म्हणाल तर फवारणीचे बॅटरी पंप चार्ज करा. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तास, शंभर वॅट-तासांत भरतो. टॉर्च, मोबाईल तसंच. हल्ली डोंगरावर आंब्याची कलमं लावतात लोक, पंप लागतोच. वायर टाकायची गरजच नाही, पंप उचलून हिरवा दिवा लागलेल्या घरी न्यायचा.

माझ्याकडे शासनाचा सौर कृषिपंप आहे, पाच एचपी. पावसाळ्यात तीन महिने नुसता उभा. त्याच्या प्लेटांवर घरातलं काही चालत नाही कारण कंट्रोलर फक्त मोटरसाठी. आता युनिव्हर्सल कंट्रोलर आलेत, त्यावर गिरणी, कडबाकुट्टी चालते.

---

पाड्यावरचा

गिरणीचा विचार माझ्याही डोक्यात होता! नागली दळायला बायांना खालच्या गावात उतरावं लागतं. तीन बंद घरांच्या प्लेटा मिळून ९०० वॅट होतात, एक एचपीची घरगंटी म्हणजे ७४६ वॅट. बसेल ना?

---

तारतंत्री

नाही बसणार. ९०० हा आकडा प्लेटच्या मागच्या स्टिकरवरचा. तापलेली प्लेट, धूळ, ऊन तिरपं, हातात सहाशे-साडेसहाशे आले तर नशीब. आणि मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. इन्व्हर्टर बोंबलेल. नागली कडक असते, त्यात घास अडकला की संपलंच. गिरणीचा नाद सोड किंवा वेगळी योजना मिळव.

---

कलम चौदा

कायद्याचं विचारलंय म्हणून थोडक्यात. वीज कायदा २००३, कलम १४ चा आठवा परंतुक: राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात कोणी वीज तयार करून वाटणार असेल तर परवाना लागत नाही. कलम ५३ खालचे सुरक्षेचे नियम मात्र लागू. शेजाऱ्याला दिवा दिला म्हणून कोणी पकडायला येणार नाही, पण पैसे घेऊन पाडाभर तार फिरवणार असाल तर ग्रामसभेचा ठराव करून ठेवा. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, १९९६ चा पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आहे, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे.

आणि "वनखात्याची जमीन म्हणून लाईन नाही" हे अर्धवट उत्तर झालं. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ते, विजेच्या तारा, अपारंपरिक ऊर्जा अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर वळवता येते, अट हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडू नयेत एवढी. तीन-चार खांबांना एक हेक्टर लागत नाही.

---

खवचट खान्देशी

आणि लाईन आली की सोलर अडगळीत. बिहारमध्ये धरनईला २०१४ साली ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने १०० किलोवॅटचं सोलर जाळं उभारलं. लोकांनी "खरी वीज पाहिजे" म्हणून ओरड केली, थोड्याच दिवसांत ग्रिड (सरकारी लाईन) आली, ती स्वस्त, आणि काही वर्षांत सोलरचं मातेरं झालं. बांगलादेशचंही तेच. २०२२ च्या मार्चमध्ये सरकारने शंभर टक्के विद्युतीकरण जाहीर केलं, आता घरोघरच्या त्या प्लेटांना कोण विचारतो? तारांत पैसे घालाल तर त्याच वाटेने जाल.

---

सौरवेडा

सगळीकडे असं होत नाही हो. आपल्याच जुन्नर तालुक्यात दरेवाडी आहे. २०१२ मध्ये ग्रामऊर्जा या संस्थेने तिथं साडेनऊ किलोवॅटच्या आसपासचं जाळं केलं, ३९ घरं, मीटर लावून, आणि कारभार गावकऱ्यांच्या ट्रस्टकडे. दर महिन्याला पैसे गोळा करून बॅटरीसाठी बाजूला ठेवायचे हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

---

खवचट खान्देशी

दरेवाडीला मध्यभागी एक प्लँट आहे, घरोघरचे तुकडे जोडलेले नाहीत. दोन्ही वेगळं. पण ट्रस्टचा मुद्दा मान्य.

---

गोदाकाठची

मला एक कळत नाही. सगळे दिव्यांच्या मागे का लागलोय? भाऊ, तूच म्हणतोस घरं दिवाळीपासून बंद. जास्तीची वीज नेमकी दिवाळी ते मे. आषाढ-श्रावणात सगळे घरी, तेव्हा तुमच्याकडे पंधरा-पंधरा दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा प्रत्येकाचीच बॅटरी बसलेली. म्हणजे ज्याला दिव्याची खरी गरज पावसाळ्यात, त्याला द्यायला तेव्हा कोणाकडेच काही नाही. तार टाका नाहीतर मीटर लावा, हे बदलणार नाही.

मग फेब्रुवारी ते मे पाड्यावर सगळ्यात मोठी अडचण कोणती? पाणी. विहीर खाली असणार, आणि हंडे तुझी आई वर आणत असणार. बरोबर?

---

पाड्यावरचा

बरोबर आहे ताई. विहीर उतारावर खाली, वनजमिनीतच. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक. बा म्हणतो त्याची सवय आहे. आई काही म्हणत नाही.

---

तारतंत्री

बाई मुद्द्याचं बोलल्या. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

१००० लिटर पाणी ३० मीटर वर चढवायला निव्वळ हिशोबाने ८२ वॅट-तास लागतात. लहान पंपाची आणि पाईपची घट मोठी असते, म्हणून अडीचशे धर. म्हणजे एका युनिटात चार हजार लिटर! एका बंद घराची एका दिवसाची वीज. हंडा पंधरा लिटरचा म्हटला तर अडीचशेच्या वर हंडे झाले.

आणि याला बॅटरी लागत नाही. ऊन आहे तोवर पंप, ढग आला की थांबला. साठवण टाकीत. बॅटरीच्या झिजेचं भांडणच मिटलं.

आता तार. विहिरीपर्यंत तार ओढायचीच नाही, प्लेटा उचलून विहिरीवर न्यायच्या. तुमच्याकडे घरटी दोन आहेत म्हणालास. बंद घराची एक प्लेट छपरावर राहू दे. आत वापर नसल्यामुळे एकीवर बॅटरी भरलेली राहते, आणि लेड अॅसिड (शिशाच्या) बॅटरीला तेच पाहिजे. दुसरी प्लेट सोडवून खाली न्यायची. दहा-बारा किलोची असते, एक माणूस नेतो. चार घरांच्या चार प्लेटा झाल्या की ६०० वॅट. त्यावर डीसी सबमर्सिबल पंप कंट्रोलरसकट चालतो. पावसाळ्याआधी मंडळी परत आली की प्लेट पुन्हा छपरावर.

पंप घेताना चार प्लेटांच्या व्होल्टेजला जुळेल असाच घे. आणि नीट ऐक. चार प्लेटा ओळीने जोडल्या की भर उन्हात ८०-९० व्होल्ट उभे राहतात. विहिरीचा काठ, ओले हात. जोडणी करताना प्लेटांवर गोधडी टाकून अंधार करायचा, मगच कनेक्टर. ताण सोसणारा डीसी एमसीबी, पंपाला आणि चौकटीला अर्थिंग. पोरांना हात लागणार नाही असं कुंपण.

---

मुपो निफाड

काका _/\_ . आमच्याकडे प्लेटा चोरीला जातात, जंगलात विहिरीवर रात्री कोण राखणार?

---

पाड्यावरचा

चोरीपेक्षा वानरांची भीती जास्त. 😀 आमच्याकडे अजून कोणी दुसऱ्याच्या छपराला हात लावलेला नाही. पण दगडाचा प्रश्न आहे, उन्हाळ्यात वणवा लागतो त्याचाही.

माझा अडकलेला काटा वेगळा आहे. प्लेट ज्याच्या नावावर तो निफाडच्या शेडमध्ये आणि पाणी पिणार मागे राहिलेले. त्याने का द्यावी?

---

गोदाकाठची

कारण त्याचे आई-बाप मागेच असतात ना. आणि दुसरं, बंद घराच्या बॅटरीत उन्हाळ्यात पाणी आटतं, प्लेटा (आतल्या, शिशाच्या) उघड्या पडतात आणि परत येईतो बॅटरी मेलेली. असं किती जणांचं झालंय ते विचार पाड्यावर. गटाने जबाबदारी घ्यायची: तुझी एक प्लेट आम्ही नेतो, बदल्यात महिन्यातून एकदा घर उघडून तुझ्या बॅटरीत डिस्टिल वॉटर घालतो, प्लेट पुसतो. हा सौदा कोणालाही कळतो. मीटर नको, युनिट नको.

वर पाणी घेणाऱ्या प्रत्येक घराने महिन्याला ठरेल ती रक्कम गटाच्या खात्यात टाकायची. पहिली बॅटरी घ्यायची वेळ आली की प्लेट देणाऱ्याचा नंबर आधी. वही बाईच्याच हातात ठेव. पुरुषांच्या हातातली पाण्याची वही मी वर्षभर टिकलेली पाहिली नाही. (येऊ देत प्रतिसाद.)

---

खवचट खान्देशी

येणार नाहीत, खरं आहे ते.

आणि हो, उद्या लाईन आली तरी यात बुडण्यासारखं काही नाही. पंप लाईनवर घाला, प्लेटा छपरावर परत. हे आधीच सांगितलं असतं तर मी बिहारपर्यंत गेलो नसतो.

---

कलम चौदा

विहीर वनजमिनीत आहे म्हणालात. पाण्याची टाकी, पाईप आणि अपारंपरिक ऊर्जा हे सगळं वर सांगितलेल्या कलम ३(२) च्या यादीत आहे. ठरावात लाईनचं आणि पाण्याचं दोन्ही एकत्र घाला. वनहक्क समिती आहे ना? अर्ज तिच्यामार्फत जाऊ द्या, नाहीतर पाईप टाकल्यावर उचलून नेतील.

---

सौरवेडा

म्हातारीचं काय ठरलं पण? मूळ प्रश्न तिचा होता.

---

तारतंत्री

तिला तार नको, बॅटरी पाहिजे. तोवर दिवसा शेजारच्या भरलेल्या घरी एक रिचार्जचा कंदील लावायचा आणि रात्री तिला आणून द्यायचा. पाच-सात वॅट-तासांचा प्रश्न आहे, त्यासाठी कोणाची बॅटरी झिजत नाही.

पाड्यावरचा, पंपाची चौकशी करण्याआधी तीन मापं घेऊन टाक इथे. विहिरीत मार्चमध्ये पाणी किती खोलवर असतं आणि मेमध्ये किती. विहिरीच्या काठापासून टाकीपर्यंत चढ किती, पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्याने मोज, मोबाईलवर विश्वास ठेवू नको. आणि पाईपची लांबी. मेमध्ये विहिरीत तासाला किती पाणी झिरपतं हेही बायांना विचार, त्यांना बरोबर माहीत असतं. विहीर आटत असेल तर पंप दोन दिवसांत ती कोरडी करेल आणि उरलेलं चिखलाचं पाणी सगळ्यांच्या डोक्यावर फुटेल. कोरडं चालल्यावर आपोआप बंद होणारा कंट्रोलरच घे.

---

पाड्यावरचा

सगळ्यांचे आभार. रविवारी गावी जातोय, नळी घेऊनच जातो. आईशी फोनवर बोललो. विहीर मेच्या शेवटाला तळाशी जाते, पण पहाटे पुन्हा गुडघाभर चढते म्हणाली. म्हणजे सकाळी थोडा वेळ पंप आणि मग विश्रांती असं करावं लागेल.

पाईपचा खर्च ग्रामपंचायतीच्या पेसा निधीतून निघतो का ते सरपंचांना विचारतो. प्लेटांना दोघे तयार आहेत, दोघांना निफाडला जाऊन भेटावं लागेल.

---

गोदाकाठची

टाकी कोणाच्या दारात बसणार ते आधी ठरव. पंपापेक्षा त्यावर जास्त वेळ जाईल.

---

पाड्यावरचा

आताच सुरू झालंय ताई. बा म्हणतो आपल्या अंगणात, उंचावर आहे. आई म्हणते अंगणवाडीच्या मागे, नाहीतर ती पाणी भरायला येणार नाही.

---

तारतंत्री

अंगणवाडीच्या मागची उंची मोज मग.